मामांचं बेअरिंग

माझे मामा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर आहेत. चालत्या पंपाच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान करायचं, "बेअरिंग गेलं." पंप थरथरला, बेअरिंग गेलं. घरचा मिक्सर कुरकुरला, बेअरिंग गेलं. लग्नानंतर मामी पहिल्यांदा रुसली तेव्हाही ते हेच म्हणाले होते, असं आई सांगते. त्यावर मामी काय म्हणाली, ते मात्र सांगत नाही.

मी त्याच पंपघरात कंपनं मोजायच्या कामावर लागले, तेव्हा कोपऱ्यातला पंप थरथरत होता. मामांनी बेअरिंग बदललं. थरथर कायम. पुन्हा बदललं. पुन्हा तेच. मी मीटर लावला आणि पंपाच्या पायांचे बोल्ट एकेक करून सैल केले. एक बोल्ट सैल होताच काटा धपकन खाली आला. तो पाय बैठकीला टेकतच नव्हता. बोल्टने त्याला जबरदस्तीने ओढून बसवलं होतं आणि पंपाचं अंग पिळवटत होतं. पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, पंप शांत.

"म्हणजे बेअरिंग चांगलं होतं?" मामांनी विचारलं.

"आधीचीसुद्धा."

मामांनी काढलेली बेअरिंगं उचलली आणि एकेक करून कानाला लावून पाहिली.

त्याच सुमारास पंपघराच्या नाटकमंडळात त्यांना आयुष्यातली पहिली भूमिका मिळाली: दगडी शिपायाचा पुतळा. नाटकभर चौथऱ्यावर निश्चल उभं राहायचं आणि शेवटी निरपराध राजाला फाशी देताना "थांबा!" असं ओरडायचं. मग राजा सुटतो. मामांनी तो एक शब्द घरात इतका घोटला की दूधवाला दारातच गोठून उभा राहायचा.

पण तालमीत पुतळा थरथरू लागला. प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिग्दर्शकांचा पंपघरात फोन आला, "मामांचं बेअरिंग सुटतंय! काहीतरी करा!"

नाटकवाल्यांच्या भाषेत बेअरिंग सुटणं म्हणजे नटाची भूमिकेवरची पकड सुटणं. आमच्या फोरमनना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी बेअरिंग ओढून काढायचा पुलर, ग्रीसचा डबा आणि मीटर देऊन मला जीपने धाडलं.

हॉलमध्ये मामा राखाडी रंगात चौथऱ्यावर थरथरत होते. खाली आमच्या पंपघराचा स्टोअरकीपर तसाच रंग फासून तयार उभा होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" दिग्दर्शक माझ्यावर कडाडले. "मामा म्हणतात, चौथरा हलतो. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर हा उभा राहील."

"पोरी," मामा ओठ न हलवता म्हणाले, "माझं बेअरिंग गेलं गं."

मी त्यांच्या खांद्याला मीटर लावला.

"आडवं कंपन किती?"

"उभ्यापेक्षा जास्त."

"मग बेअरिंगच!"

"गप्प उभे राहा. उजवी टाच उचला."

काही फरक नाही.

"आता डावी."

काटा खाली. मी वाकून पाहिलं. अंगण सरळ होतं. बूट दोन वेगवेगळ्या जोड्यांतले होते आणि डाव्याचा तळ झिजून पापुद्रा झाला होता. आत पट्टी सरकवली. मामा धोंडा झाले.

संध्याकाळी हॉल भरला. "हा पुतळा कुठून आणला असेल?" मागच्या बाईंनी विचारलं. "आमच्या घरून," मामी ताठ बसून म्हणाली.

शेवटी राजाच्या गळ्यात फास पडला. जल्लाद थांबला. खोकला. पुन्हा खोकला.

"मामा," राजा पुटपुटला, "बोला ना, मान अवघडली."

मामांची पापणीही हलली नाही. जल्लादाने नाइलाजाने फळी ओढली आणि पडदा पडला. मग टाळ्यांचा कडकडाट. मागच्या बाई मुसमुसत होत्या.

मी धावत पडद्यामागे गेले.

"एक शब्द होता हो! एकच!" दिग्दर्शक डोकं धरून बसले होते.

"बोललो असतो तर हललो असतो," मामा म्हणाले.

स्टोअरकीपर पुढे सरकला. टाळ्या मात्र थांबत नव्हत्या. दिग्दर्शकांनी पडद्याकडे पाहिलं, मग मान चोळणाऱ्या राजाकडे.

"पुढच्या प्रयोगापासून राजा मरतो," ते म्हणाले.

"अहो, पण मी निरपराध आहे!"

"त्याला इलाज नाही. पुतळा चांगला आहे."