हनोईतला खेकड्याचा रस्सा

लहूभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी वडगावला तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी ताटकळत उभा होतो. त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन. "काका, आबा गेलं. चहाचं आधण ठेवलं आन् बसल्या जागी…" मी फोन खिशात टाकला आणि, खोटं कशाला बोलू, दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. चला, आता ती गोष्ट जाणणारं दुसरं कुणी उरलं नाही! स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. पाच आठवडे होत आले, ती किळस काही जात नाही.

मी तळेगावचा. एका पर्यटन कंपनीत सहलींचा मॅनेजर होतो आणि लहूभाऊ आमच्या गटाचे आचारी. आपली माणसं जग बघायला निघतात ती कुकर, पोहे आणि गोडा मसाला बरोबर घेऊन. सोबत ते शिजवणारा माणूसही. आमच्या सहली शुद्ध शाकाहारी, आणि कर्मचाऱ्यांनीही सहलीत अंड्यालासुद्धा शिवायचं नाही असा कंपनीचा नियम. गटातले सगळे आचाऱ्याला 'महाराज' म्हणत. भुशीच्या वर डोंगरातल्या वाडीत वाढलेल्या लहूभाऊंना त्याचं भारी हसू यायचं. "साहेब, मला म्हाराज म्हनत्यात! वाडीत कळलं तर हसून हसून मरत्याल समदी."

गटाला जेवू घालून भांडी आवरली की हा माणूस डोळ्यांनी खुणावायचा आणि आम्ही दोघं गल्लीबोळात पसार. नियम? तो आम्ही विमानतळावरच सोडून यायचो. इस्तंबूलच्या रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटचा पुडा हातात आला तेव्हा म्हणाले, "ह्या तर आपल्या फणसाच्या आठळ्या!" तिथंच सळईला गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली बकऱ्याची आतडी मी नाक मुरडून बघत होतो, तर हे पावात भरून घेऊन आले. "आवं, वजडी हाय ही. खावा गुमान." बँकॉकच्या हातगाडीवरचं ड्युरियनचं फळ मात्र त्यांना झेपलं नाही. वास घेतला, लांब सरकले आणि म्हणाले, "फनसाचा वाया गेल्याला भाऊ दिसतोय." मला तर एकट्यानं पाणीपुरी खायलाही लाज वाटायची. परक्या देशात, परक्या माणसापुढं हात पसरून "दे बाई, काय असंल ते" म्हणायला त्यांनी मला शिकवलं.

मग हनोई. गट दुपारी आराम करत होता. एका बोळात बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांची रांग, आणि एक म्हातारी उखळात शेतातले बारके खेकडे कवचासकट कुटत बसलेली. कुटून झाल्यावर तिनं त्यात पाणी ओतलं, सगळं गाळून घेतलं आणि ते पाणी चुलीवर ठेवलं. लहूभाऊ बघतच राहिले. "साहेब, माझी आई आस्संच करायची. आस्संच कुटायची, आस्संच गाळायची. ती गेल्यापासनं ह्ये कुनी केलं न्हाई." वाडगा हातात आला, त्यात शेवया होत्या, कसला तरी पाला होता, पण पहिला घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंही भान नव्हतं. मी शेजारच्या स्टुलावर होतो. मी दोन वाडगे संपवले. तसा रस्सा पुन्हा प्यायला मिळाला नाही.

मी हात धुवायला आत गेलो तेवढ्यात बाहेरून जाणाऱ्या गटातल्या दोघींना दिसलं, महाराज खेकडा खातायत. संध्याकाळी हॉटेलात हा गोंधळ! "ह्याच हातानं आम्हाला वाढत होता?" एका काकांनी मला विचारलं, "तुम्ही होतात का बरोबर?" सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "छे, मी हॉटेलातच होतो. पासपोर्ट तपासत होतो." लहूभाऊंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि काकांकडे वळून म्हणाले, "साहेब नव्हतं. मी एकलाच गेलतो." परत आल्यावर कंपनीनं त्यांना काढलं. मी पुढे सात वर्षं गट घेऊन हिंडलो.

त्यांनी भुशीच्या रस्त्यावर भज्यांची गाडी टाकली. मी दर दोन-तीन महिन्यांनी जायचो, माफी मागायची म्हणून. प्रत्येक वेळी ते गरम भजी पुढं करायचे, "या साहेब, बसा," आणि मी धुक्यावर, गर्दीवर बोलून परत यायचो. त्या दिवसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. कधी तरी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं… आता कुठल्याही टपरीवर बसलो की शेजारी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं. मी वळून बघत नाही.

दहाव्याला वाडीवर गेलो. भावकी अंगणात बसली होती. सुनीतानं सगळ्यांदेखत विचारलं, "काका, लोक म्हनत्यात आबांनी तिकडं चोरी केली म्हनून त्यांना काढलं. तुमी व्हता ना संगं? खरं काय ते सांगा." माझ्या तोंडून निघालं, "मी त्या वेळी हॉटेलात होतो गं. मला नीट माहीत नाही." ती "बरं" म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला उठली. मेलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा एकटं टाकलं, तेही त्याच्याच अंगणात, त्याच्याच लेकीसमोर.

सुनीता, रविवारची ही पुरवणी तू वाचतेस, म्हणून इथं लिहितोय. तुझ्या आबांनी चोरी केली नाही. तुझ्या आजीच्या हातचा रस्सा त्यांना परदेशात सापडला आणि तो ते प्यायले, एवढंच. मी त्यांच्या शेजारी होतो. मीही प्यायलो, त्यांच्यापेक्षा एक वाडगा जास्तच. ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी बोलू दिलं. येत्या रविवारी मी वाडीवर येतो. भावकीला बोलावून ठेव. हे सगळं मला त्यांच्यासमोर, तोंडानं सांगायचंय. तुला मी दारात नको असलो तर तसं सांग, मी बाहेर रस्त्यावर उभा राहून सांगेन.