डी ड्राइव्हचा मुहूर्त

मेहताजींचा मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. आज त्यांची आठवण झाली की ऊर भरून येतो. मधे काय घडलं ते सांगते.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या साड्या छापणाऱ्या मिलमध्ये माझी पहिली नोकरी. कॉम्प्युटर एकच. त्यावर मेहताजींचा हिशेब चाले आणि माझ्या बुट्ट्या-वेलीही. मेहताजी म्हणजे मिलचे हिशेबनीस, पिकल्या मिशांचे सुरती गृहस्थ. मशीनवर त्यांचा हक्क आधीचा, आणि ते तो मला क्षणभर विसरू देत नसत. दिवाळीच्या तोंडावर सी ड्राइव्ह गच्च भरली आणि माझा डिझाइनचा प्रोग्राम मध्येच बंद पडू लागला. काही पुसू का, असं विचारलं तर मेहताजी म्हणाले, "सीमां हाथ नहीं लगाडवानो!"

शेठनी दुसरी हार्ड डिस्क बसवून दिली, तीच डी. शिवाय बजावलं, दिवाळीनंतर लाभपंचमीला सकाळीच व्यापारी येतोय. पडद्यावर नवी डिझाइनं दिसली तर ठीक, नाहीतर काम पुन्हा बाहेरच्या आर्टिस्टकडे. म्हणजे मी घरी. आणि मी घरी बसले की वडील स्थळं बघायला मोकळे.

मग मी हुशारी केली. प्रोग्रामचं अख्खं बिऱ्हाड उचलून डीवर नेलं आणि सीवरचं माझं तेवढं पुसून टाकलं. सी मोकळी झाली म्हणून मेहताजी खूश. प्रोग्राम मात्र उघडेना. सीवर अमुक फाइल सापडत नाही, हे एकच पालुपद. मी रडकुंडीला आले तोवर चोपडापूजनाची वेळ झाली. मेहताजींनी हिशेबाच्या वह्यांबरोबर कॉम्प्युटरही पूजला, मॉनिटरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला आणि सगळ्यावर लाल कापड टाकलं. आता थेट लाभपंचमीच्या मुहूर्तावरच बटण दाबायचं. हा नियम शेठसुद्धा मोडत नसत.

घरी माझा चेहरा बघून वडिलांनी विचारलं, "काय व्हयनं वं माय?" मी पाटावर बसले. आई फराळ वाढताना हसत सांगत होती, आम्ही खोली बदलली तरी गावाकडचे पाहुणे नवागाममधल्या आमच्या जुन्याच खोलीच्या दारात जाऊन बसले होते. नवा पत्ता त्यांना कुणी कळवलाच नव्हता. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रोग्रामचंही तेच झालं होतं! तो नुसता उचलून न्यायचा नसतो. फ्लॉप्या घालून पहिल्यापासून बसवायचा, आणि कुठे बसवू असं तो विचारेल तेव्हा सी खोडून डी लिहायचं. उपाय सापडला, तर मशीन लाल कापडाखाली. दात आहेत तर चणे नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुजरात्यांचं नवं वर्ष. वडिलांबरोबर मी मेहताजींकडे 'साल मुबारक' करायला गेले, आणि पाया पडता पडता रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पूजा तो सीनी थई छे. डी तो हजी कोरी छे." म्हणजे नियम सीला, डीला नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं. तसेच उठले, किल्ल्या घेतल्या आणि आम्हा दोघांना घेऊन मिलवर आले.

लाल कापड उचलताना मात्र मला राहवेना. म्हटलं, "काका, डी चालवायची तरी मशीन सीवरूनच सुरू होतं."

"मने खबर छे, दीकरी," ते म्हणाले. त्यांनी मला बाजूला केलं आणि बटण स्वतः दाबलं. दोष लागलाच तर तो माझ्या माथी नको म्हणून.

मी सी खोडलं, डी लिहिलं, एकेक फ्लॉपी घालत गेले. प्रोग्राम उघडला. जन्म रंगाच्या पिंपांपाशी घालवलेले माझे वडील पडद्यावरच्या वेलीकडे बघतच राहिले. "हाई तू काढं?" एवढंच म्हणाले. पुढे कितीतरी दिवस घरात स्थळाचा विषय निघाला नाही.

लाभपंचमीला व्यापाऱ्यानं डिझाइनं पसंत केली. त्याआधी मुहूर्ताची पूजा झाली. शेठ उठले, बाकीचे उठले, प्रसाद वाटला गेला, तरी मेहताजी डोळे मिटून बसलेच होते. ते कशाची माफी मागत आहेत ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या मागे जाऊन बसले आणि त्यांच्यासाठी हात जोडले.