राखेचा नकाशा

फोटो मी काढला. झाडू आणायला एक बाई घरात गेली होती, बाकीच्या बोअरिंगवर हात धूत होत्या. तेवढ्यात मी मोबाइल काढला आणि अंगणातल्या नकाशाचा फोटो घेतला. चुकून नाही. आधी दोन्हीकडे बघून घेतलं होतं.

गाव गोंडपिपरी तालुक्यातलं. धान निघाला की तिथल्या बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात, दोन-अडीच महिने शेतातच ताडपत्रीखाली राहतात. त्यांच्या या जाण्यायेण्याचा अभ्यास आमची संस्था करत होती. संशोधन स्त्रीवादी, सहभागी. म्हणजे काय विचारायचं, काय सांगायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे बायांनीच ठरवायचं. मी समन्वयक, पन्नाशीला आलेला पुरुष. 'स्त्रीवादी, सहभागी' हे शब्द इतक्या सभांमध्ये बोललो होतो की ते मला लागू पडतात असंच वाटायला लागलं होतं.

पहिल्या बैठकीत अकरा जणींनी एक नियम केला. मिरचीच्या शेताचा नकाशा राखेनं काढायचा, त्यावर बोलायचं आणि उठताना पुसून टाकायचा. नाव कुणाचं घ्यायचं नाही. प्रत्येकीनं आपली एक खूण आणायची आणि त्रास झाला त्या जागी ठेवायची. कुणी चिंचोका आणला, कुणी मोहाची बी, कुणी लेकराच्या सदऱ्याचं बटण. एकीनं निळ्या बांगडीचा तुकडा आणला आणि पाण्याच्या मोटारीमागे ठेवला. तिथे बाया आंघोळ करायच्या. त्यांना कामावर नेणारा मुकादम तिथेच मोबाइल घेऊन उभा राहायचा.

"आमी वरडलो तं म्हणते, रेंज पाहून राह्यलो," ती म्हणाली.

"काऊन व बाई, त्याची रेंज आपल्या लुगड्यातच येते का?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग झाडू फिरला. अंगण साफ झालं. नकाशा माझ्या खिशात राहिला.

पुरावा हवा म्हणून काढला, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. खोटं आहे. फोटो सुंदर आला होता आणि मला तो अहवालाच्या मुखपृष्ठावर हवा होता.

तालुक्याच्या सभागृहात अहवाल मांडला. तहसील कार्यालयानं सगळ्यांना बोलावलं होतं, मुकादमांनाही. तो मुकादम तिसऱ्या रांगेत बसलेला मला दिसला. दिसला, तरी मी फोटो भिंतीवर लावला. नाव नाही म्हणजे माणूस लपला, अशी माझी अक्कल. त्या गावात सगळ्या बाया हिरव्या बांगड्या घालतात. निळ्या ती एकटीच घालते, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे निळी बांगडी कोनाची हाय, मालूम हाय आमाले, सर," तो खालूनच म्हणाला. दोघं-तिघं हसले.

आणि मी म्हणालो, "पुढची स्लाइड."

पंधरा-वीस दिवसांनी बायांना मिरचीला न्यायला गावात पिकअप गाडी आली. दहा जणी चढल्या. निळ्या बांगडीवालीला मुकादमानं खाली उतरवलं. "फोटोवाल्या सरले सांग, काम दे मनावं," असं म्हणून त्यानं फाळका लावला. त्या हंगामावर तिचं वर्ष चालायचं.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "संशोधनात असं होतं कधीकधी." होतं? दव पडावं तसं आपोआप होतं? मी केलं ना! मला त्यांचा संताप आला आणि त्या संतापामागे मी थोडे दिवस लपूनही घेतलं. मग संस्थेच्या कागदावर दिलगिरीचं पत्र लिहून तिच्याकडे गेलो. ती शिंदीच्या पानांचा झाडू बांधत होती.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो आणि पत्र वाचून दाखवलं.

"इथी कोन हाय ऐकाले? मी अन् हे बकरी." तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "फोटो दाखोला कुठी?"

"सभागृहात."

"मंग तिथी बोला ना, भाऊ. तो बसला पायजे समोर. अन् माहं नाव नोको, बांगडी नोको, गाव नोको. तुमचंच सांगा. आमचं लय सांगून झालं."

मला चार महिने लागले. संस्थेची बदनामी होईल, असं वरिष्ठ म्हणत होते. पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. तोवर हंगाम संपला, बाया परतल्या. ती गावातच होती.

अखेर त्याच सभागृहात दुसऱ्या एका बैठकीत मी उभा राहिलो. ती आली नव्हती. तिनं ऐकायला दोघींना पाठवलं होतं, त्या दाराशी बसल्या. मुकादम मोबाइलमध्ये बघत होता. त्यानं मान वर करेपर्यंत मी थांबलो.

"मी या अभ्यासाचा समन्वयक," मी म्हणालो. "बायांनी मला एकच नियम सांगितला होता. मी तो त्यांची पाठ वळल्यावर मोडला. फोटो चोरून काढला, न विचारता छापला, या भिंतीवर लावला. इथे एक माणूस त्यावरून बोलला, काहीजण हसले. मी त्याला अडवलं नाही, पुढची स्लाइड लावली. या सगळ्याची झळ मला लागली नाही, बायांना लागली. भोळेपणानं झालं असं मी म्हणणार नाही. मी चोरी केली. त्या बायांची मी माफी मागतो."