मधला स्पीकर

परवा सुताराकडे प्लायवूड कापून घेताना तो कडवट वास नाकात शिरला आणि आत्याचा हात मनगटावर आल्यासारखा वाटला. भूकंपात गाव गेल्यावर आत्या लातूरला आमच्याकडेच राहायला आली होती. वरच्या खोल्या आम्ही क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या आणि मला होम थिएटरचं वेड लागलं होतं. सिनेमातलं बोलणं आत्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून टीव्हीखाली ठेवायचा मधला स्पीकर मी घरीच बनवला, प्लायचा लांबट आडवा खोका, सांधे सरसानं चिकटवलेले. रविवारी दुपारी तो जोडला आणि हौसेनं आवाज पूर्ण वाढवला. खोका घरघरला, मांडणीवरची भांडी खणखणली आणि आत्या अनवाणीच अंगणात धावली. मला हसू आवरेना. वरची पोरंही कठड्यावर येऊन हसायला लागली. तेवढ्यात ती परत आत आली आणि माझं मनगट धरून ओढायला लागली, "चल लेकरा, भांडे वाजायलेत!" "आत्या, स्पीकर हाय तो," मी हसत हसतच म्हणालो. उंबऱ्याबाहेर नेल्यावरच तिनं हात सोडला. पुढं कित्येक वर्षं पाहुणे आले की मी तिची नक्कल करून हा किस्सा सांगायचो, ती आत चहा करत असताना. भूकंपाच्या पहाटे ती एकटीच बाहेर पडली होती, आणि मुलाला आणायला वळेपर्यंत घरावरचं मातीचं माळवद खाली आलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.