वहीत सहा, जबड्यात नऊ

गल्लीच्या तोंडाशी, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाला पाठ लावून एक अरुंद खोली आहे. तिथे बावीस वर्षं एकच शिवणयंत्र खडखडतंय. ते चालवणाऱ्या बाईंचं खरं नाव पासबुकापलीकडे कोणाला ठाऊक नाही. सगळे त्यांना टाचणीबाई म्हणतात. ओठांत सहा टाचण्या धरून त्या जितक्या सफाईने बोलतात, तितकं रिकाम्या तोंडानेही ज्यांना जमत नाही अशी माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत.

नवं शिवणं हा त्यांचा धंदा नव्हे. लोकांचे आखूड झालेले, घट्ट झालेले कपडे त्या अंगाला बसवून देतात. या धंद्यातलं पहिलं गुपित असं की गिऱ्हाईक खोटं बोलतं. "कंबर चौतीस हं," असं श्वास आत ओढून सांगणाऱ्या बाईला टेप दाखवून चाळीस म्हटलं, की ती पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवत नाही. म्हणून टाचणीबाई वहीत चौतीस लिहीत आणि शिवताना चाळीसला टीप मारीत. शिवाय शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड दडवून ठेवीत. धुतल्यावर आटलं तर? पुढच्या वर्षी अंग भरलं तर? कपडा नेमका बसे, गिऱ्हाईक खूश होई आणि वही तेवढी खोटी राही. बावीस वर्षांत एक तक्रार आली नाही, आणि त्यामुळे जगातली सगळी मापं आपल्याला आपल्या डोळ्यांनी कळतात असा बाईंचा पक्का समज झाला.

त्यांची लेक अकरा वर्षांची. तिला हनुवटी जवळजवळ नव्हतीच. खालचा जबडा जन्मापासून वाढायचाच विसरला होता. नणंदबाईंनी पाळण्यात डोकावून तेव्हाच निकाल दिला होता, "वहिनी, आमच्या घरात अशी हनुवटी कोणाची नाही हं." जणू वहिनींनी ती माहेरून लपवून आणली होती. पुढे अकरा वर्षं त्या दर भेटीत नवा उपाय सांगत. एकदा म्हणाल्या, रोज हनुवटी ओढ. एकदा म्हणाल्या, फोटो काढताना मान वर करायला शिकव, लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल.

दिसण्याचं दुःख टाचणीबाईंनी केव्हाच गुंडाळून ठेवलं होतं. दुःख श्वासाचं होतं. जबडा आखूड, त्यामुळे झोपेत जीभ मागे पडे आणि पोरीचा श्वास मध्येच बंद होई. बाईंनी तिच्या उशाशी लाकडी फूटपट्टी ठेवली होती. श्वास थांबला की त्या फूटपट्टीने तिला टोचत. पोर वर्गात पेंगे आणि बाई यंत्रावर पेंगत.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या जबड्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "दोन्ही बाजूंचं हाड कापायचं. मध्ये एक छोटं यंत्र बसवायचं. पाच दिवस थांबायचं. मग रोज थोडं थोडं स्क्रूने दूर सारायचं. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. जबडा पंधरा मिलिमीटर लांब होईल."

टाचणीबाईंनी चित्रातल्या कापावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कापून लांब करणार?"

"हो."

"डॉक्टर, माझं आयुष्य कापण्यात गेलं. कापलं की आखूड होतं. लांब करायचं तर ठिगळ लावावं लागतं."

"हाडाला ठिगळ लागत नाही, बाई. ते मधली जागा स्वतःच विणतं. फक्त घाई करायची नाही. हे ऑपरेशन नको असेल, तर श्वासासाठी घशाला भोक पाडून नळी बसवावी लागेल. बोला."

नळी म्हटल्यावर बाईंनी सहीचा कागद मागितला. नवऱ्याने सहीसाठी पेन घेतलं, चित्र पाहिलं आणि खाली बसला. सही बाईंनीच केली.

ऑपरेशन झालं. पोरीच्या दोन्ही कानांखाली स्क्रूचं एकेक टोक बाहेर डोकावू लागलं. नणंदबाई भेटायला आल्या, टोकं पाहिली आणि म्हणाल्या, "रेडिओ लागतो का गं यावर?" पोरीला बोलायची मनाई होती. तिने पाटीवर लिहिलं, "लागतो. तुमचंच स्टेशन येतं. बंद होत नाही."

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी बाईंच्या हातात एक बारीक किल्ली आणि एक तक्ता दिला. दोन्ही बाजूंना सकाळी एक फेरा, संध्याकाळी एक फेरा. एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर, म्हणजे दिवसाला एक. फिरवलं की तक्त्यात लिहायचं.

घरी आल्यावर बाईंनी चष्मा पुसला, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि किल्ली फिरवली. पोरीने डोळे मिटून बाईंच्या गुडघ्याला चिमटा काढला. संध्याकाळी दुसरा फेरा झाल्यावर बाईंचा हात थांबेना. ताणलेली गोष्ट आटते, हे त्यांना बावीस वर्षांत हजारदा दिसलं होतं. डॉक्टर शिकलेला असेल, पण त्याने कधी नवं कापड धुऊन पाहिलंय? पंधराचं धुतल्यावर तेरा झालं तर? पुन्हा तोच श्वास, पुन्हा तीच फूटपट्टी? बाईंनी आणखी एक फेरा दिला, आणि पुढेही रोज तसंच. तक्त्यात मात्र डॉक्टर म्हणाले तेवढेच लिहिले. कोणाला फसवायचं म्हणून नव्हे. वहीत सांगितलेलं माप लिहायचं आणि हाताने खरं करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

"आई, तीन झाले," पोर आवळलेल्या दातांतून म्हणाली.

"मोजू नकोस. गप पड."

"डॉक्टर दोन म्हणाले होते."

"डॉक्टरांनी तुला जन्म दिला का?"

पोरीने पुन्हा गुडघ्याला चिमटा काढला, आधीपेक्षा जोरात.

सहा दिवसांनी सूप पिताना तिच्या ओठाच्या कडेने धार लागली, आणि तिला ती कळलीच नाही. बाईंनी हनुवटीला बोट लावलं. "कळतं का?" पोरीने मान हलवली. नाही. बाईंनी टाचणीचं डोकं टेकवून पाहिलं. तेही नाही. जिच्या नावातच टाचणी, त्या बाईने ती खाली टाकली आणि पोरीच्या पायात चपला सरकवल्या.

दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो काचेवर लावला, मग तक्ता पाहिला, मग परत एक्स-रे.

"तक्त्यात सहा आहेत. फोटोत नऊ. कसं काय?"

टाचणीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा टाचण्या नसताना तोंड बंद ठेवलं. उत्तर पोरीने दिलं, "आईने जादा माप सोडलं. आटेल म्हणून."

"आटेल?"

"कपड्यासारखं," बाई पुटपुटल्या.

डॉक्टरांनी फटीवर बोट ठेवलं. ती नुसती काळी होती. "इथे आत्तापर्यंत धुरकट दिसायला हवं होतं. ते नव्या हाडाचं सूत. तुम्ही इतकं भराभर ओढलंत की विणायला त्याला वेळच मिळाला नाही. नसही ताणली गेलीय. आता पाच दिवस हात लावायचा नाही, मग रोज फक्त एक फेरा. भरलं तर ठीक. नाही भरलं तर बरगडीचं हाड काढून इथे ठिगळ. तुमच्याच भाषेत."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. ती त्यांना कळली.

"आणि आटण्याचं म्हणाल," डॉक्टर जरा नरमले, "तर पंधरामध्ये मी आधीच दोन मिलिमीटर जास्त धरलेत. वाढतं वय आहे म्हणून."

"म्हणजे तुम्हीपण सोडताच की!"

"सोडतो, बाई. पण कागदावर लिहून सोडतो."

एवढं टोचणारं बोलणं नणंदबाईंनाही अकरा वर्षांत जमलं नव्हतं.

पाच दिवस काही न करणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम निघालं. त्या दुकानात बसून नुसत्याच चिंध्या दुमडत राहिल्या. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा लांब केला. सहाव्या दिवशी किल्लीकडे हात गेला, तर ती जागेवर नव्हती. पोर आरशासमोर उभी होती.

"फिरवणार मी, मोजणार मी, लिहिणार मी," ती म्हणाली. "तू मागून डोकं धर."

"हात थरथरला तर?"

"तुझा थरथरत नव्हता, तरी काय केलंस?"

बाईंनी निमूट डोकं धरलं. बारा दिवस त्या आरशात फक्त एक फेरा पाहत आणि मनातल्या मनात आणखी तीन देत.

तीन आठवड्यांनी काळ्या फटीत धुराची एक रेघ आली. डॉक्टरांनी दाखवली तेव्हा बाईंना ती दिसेना, पोरीने बोट धरून दाखवली. तीन महिन्यांनी तिथे हाड होतं, अंगभूत असावं तसं. ओठाला टाचणीचं डोकं कळू लागलं. डावा कोपरा तेवढा अजून सुन्न आहे, आणि त्याची आठवण करून द्यायला पोर विसरत नाही. फूटपट्टी उशाजवळून दुकानात आली.

मग एका सकाळी नणंदबाई नवा कोट सैल करून घ्यायला आल्या. पोर वही उघडून बसली होती. नणंदबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "हनुवटी जरा जास्तच झाली नाही का, वहिनी? असो. कंबर छत्तीस लिही गं."

बाईंनी टेप फिरवली. सवयीने त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. पोर वाट पाहत होती, पेन टेकवून.

"चव्वेचाळीस," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि दोन बोटं जादा सोडतेय. तेही लिही."

पोरीने दोन्ही आकडे ठळक लिहिले.

"जबडा वाढवून आणलात," नणंदबाई कोट काखेत मारून पायरी उतरत म्हणाल्या, "जीभसुद्धा वाढली वाटतं!"

"ती मुळात एवढीच होती, ताई," बाई टाचण्या ओठांत धरत म्हणाल्या. "आता तिला जागा झाली."