पेवात ठेवलेला फोनो

गाणी वाजवायचे जुने कर्ण्याचे फोनो जमवायचा मला नाद होता, आन् त्यापायी घरच्यांनी माझं डोकं खाल्लं. "जिकडं बघावं तिकडं कर्णे, लगीन कोणाचं हाये?" वहिनी विचारायची. विचारू द्या. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्या देशातल्या पहिल्यावहिल्या कारखान्यांत बनलेला फोनो बाजारात आला, की दुकानदार आपल्या माणसाच्या नावाची पट्टी उखडून विलायती पट्टी ठोकायचे. का, तर गिऱ्हाईक खूश! बापाचं नाव पुसायचं आन् वर मिशीला पीळ. म्हणून कोणता फोनो कुठं बनला, ते मी हुडकून लिहून ठेवायचो.

मंठ्याच्या बाजारात असाच एक भेटला. पट्टी गायब, खिळ्यांची चार भोकं तेवढी उरलेली. पण त्याच्यासोबत मेणाची एक नळी होती. तबकड्यांच्या आधी गाणं अशा नळीवर भरायचे. टेंभुर्णीला घरी आणून सुई टेकवली, तर गाण्याच्या आधी एक माणूस खणखणीत आवाजात सांगतो, हा फोनो कोणी बनवला, कोणत्या गावात बनवला. मराठीत! मी लगेच ते नाव कागदावर उतरवलं. मेण झिजू नये म्हणून ती नळी मी फक्त सणासुदीला लावायचो.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. मी कोर्टाच्या तारखेला अंबडला गेल्तो. इकडं गावात आवई उठली, घरोघर झडत्या होणार, बिनतारी यंत्र सापडलं की धरून नेणार. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कर्णा आन् बिनतारी यंत्र एकच. बाकीचे फोनो त्यानं कडब्याच्या गंजीत कोंबले. हा माझा लाडका, म्हणून मेणाच्या नळीसकट सगळ्यात जपून ठेवला. कुठं? ज्वारीच्या पेवात! जमिनीखालच्या त्या खड्ड्यात ज्वारी, वर फोनो, आन् मातीनं तोंड लिंपून बंद. मला म्हणतो, "बिलकुल काळजी करू नको. तिथं वारासुद्धा जात न्हाई."

आरे, वारा जात न्हाई म्हणूनच तर! पेवात किती गरमी राहते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं का? दिवसभर वाफ जाऊ दिल्याशिवाय आपण तिथं माणूस उतरवत न्हाई. "आत्ताच्या आत्ता उघड," मी म्हणलो. "गावाला दिसंल. जेलात जायचं का?" दादा म्हणला. सगळं घर त्याच्या बाजूनं. आन् झडती? आलीच न्हाई. एक शिपाईसुद्धा आमच्या गल्लीत फिरकला न्हाई.

दसऱ्यानंतर पेव उघडलं. फोनो जसाच्या तसा, कर्ण्याला पोचा न्हाई. नळी मात्र बसून चपटी झाल्ती, वर पांढरी बुरशी. मी दादाला नको नको ते बोललो. नाव माझ्या कागदावर होतं, पण कागद माझ्याच हातचा, कोण मानणार? तो माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता, त्याचंच तोंड बुजवलं तुम्ही!

दादा बरेच दिवस माझ्यासमोर मान वर करत नव्हता. मंग एकदा जालन्याहून आला आन् हसत हसत मला हाताला धरून फोनोपाशी घेऊन गेला.

"ती भोकं लई वाईट दिसू राह्यल्ती. बघ, खर्चा केला तुझ्यासाठी."

नवी चकचकीत पितळी पट्टी. विलायती. चारी भोकांवर बराबर बसली होती.