तीन महिन्यांची गाडी

अकोटच्या भाजीबाजारात भगवंतचा सांबार दुरूनच ओळखू यायचा. कोथिंबिरीला तिकडे सांबारच म्हणतात. इतरांच्या जुड्या सकाळी आठपर्यंत माना टाकायच्या, भगवंतच्या दहा वाजताही ताठ उभ्या असायच्या. त्यात जादू काही नव्हती. जुड्या बांधून झाल्या की तो विहिरीजवळच्या टाक्यात बारदाना, म्हणजे गोणपाट, बुडवायचा, निथळू न देता त्यात सांबार गुंडाळायचा आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटवर आवळून बांधायचा. मळ्यापासून बाजारापर्यंत रस्त्यावर पाण्याची रेघ उमटत जायची.

"भगवंता, सडा टाकत आला का बापा?" बाजारातले लोक म्हणायचे. तो हसायचा. बोलणं त्याला फारसं जमत नसे.

जुन्या गाडीवर त्यानं एकोणीस वर्षं असाच ओला माल वाहिला. ती बंद पडली की तो प्लग काढायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा, फुंकर मारायचा आणि किक मारायचा. पाचव्या-सहाव्या किकला ती धूर ओकत सुरू व्हायची. गाडीला पाण्याचं काही वाटत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

फेब्रुवारीत त्यानं नवी गाडी घेतली. तिला किक नव्हती, नुसतं बटण. सीटवरचं प्लास्टिक त्यानं फाडू दिलं नाही. संध्याकाळी मळ्यातून आल्यावर तो आधी गाडी पुसायचा, मग स्वतःचे पाय धुवायचा. त्याची बायको जाईबाई म्हणायची, "सुनेले पाहाले आलेल्या पाव्हण्यावानी पाहून राहिले तिच्याकडे." सीटवर प्लास्टिक असल्यामुळे आता ओल्या बारदान्याची काळजी नाही, असं भगवंतला वाटायचं. प्लास्टिकवरून घसरलेलं पाणी सीटखाली कुठे जातं, ते त्यानं पाहिलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी माल लवकर विकून तो बाजारातून परत आला, तेवढ्यात फोन वाजला. फोन गोपालचा होता, त्याच्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा. ती बहीण, माणिकबाई, परतवाड्याच्या पुढे एका खेड्यात दिलेली होती.

"मामा, आई गेली," गोपाल म्हणाला. "रात्री झोपली, सकाळी उठलीच नाई."

भगवंत गाडीचं हँडल तसंच धरून उभा राहिला.

"मामा, आयकून राहिले ना? माहेरचं पातळ घेऊन या. तुमी आल्याबिगर उचलत नाई."

नवरा जिवंत असताना बाई गेली, तर तिच्या अंगावरचं शेवटचं पातळ माहेरचं असतं, हिरवं. ते आल्याशिवाय तिला तिरडीवर घेत नाहीत. आणि माणिकबाईच्या माहेरात आता भगवंतशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि माणिकबाई तेरा वर्षांची. त्याला शाळेत जायची भीती वाटायची म्हणून ती त्याला कडेवर घेऊन न्यायची. चांगला मोठा झाला होता तो, त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. पोरं हसायची. ती म्हणायची, "हसू दे. उतरू नको."

"यष्टीनं जा," जाईबाई म्हणाली. तिचे गुडघे गेलेले होते, बसची पायरी तिला चढवत नव्हती. "आता लागते नऊची."

"यष्टी तीन घंटे घेते. अंजनगावले उभी राहाते. गाडी नवी हाय, मी दीड घंट्यात पोचतो."

कापडाचं दुकान उघडलं नव्हतं. त्यानं दुकानदाराला घरून उठवून आणलं, हिरवं पातळ घेतलं, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाला. तेव्हा सव्वाआठ झाले होते.

अंजनगाव मागे टाकल्यावर पथ्रोट यायच्या तीन-चार किलोमीटर आधी गाडीनं एक आचका दिला. मीटरवर पिवळा दिवा लागला. दुसरा आचका बसला आणि इंजिनाचा आवाजच गेला. भगवंतनं बटण दाबलं. आत काहीतरी फिरल्याचा आवाज आला, पण गाडी पेटली नाही. पुन्हा दाबलं. दहादा दाबलं. प्लग काढावा म्हणून तो वाकला, तर प्लग कुठे आहे तेच दिसेना. दिसला तेव्हा जुना पाना त्याला बसेना. त्यानं दिसतील त्या वायरी शर्टानं पुसल्या. फुंकर मारली. अर्धा-पाऊण तास असाच गेला. आजूबाजूला पीक निघून उलंगलेली वावरं, एक निंबाचं झाड आणि तापत चाललेली सडक. घर एकही नव्हतं.

परतवाड्याकडे जाणारी एक काळीपिवळी जीप त्याच्याजवळ येऊन थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय झालं बुवा?"

"काई नाई. नवी हाय. होते सुरू."

"परतवाडा जाऊन राहिले का? मांगं एक जागा हाय."

भगवंतनं पिशवीकडे पाहिलं, मग गाडीकडे. उन्हात सीटवरचं प्लास्टिक चकाकत होतं.

"सोडून गेलो तं राहाते का थे इथी?"

"जुनी असती तं राहिली असती," ड्रायव्हर म्हणाला. आत दोघंतिघं हसले. "बसता का? सवाऱ्यायले ऊन लागून राहिलं."

भगवंतचा हात हँडलवरच होता. पिशवी त्याच हँडलला लटकत होती. नुसती ती काढून घ्यायची आणि तीन पावलं चालायची, एवढंच काम होतं. तीन महिन्यांची गाडी. एवढ्यात होईल सुरू. नाहीच झाली तर पथ्रोट काय लांब आहे, ढकलत नेऊ.

"जा तुमी," तो म्हणाला.

जीप गेली. त्यानं पुन्हा बटण दाबलं. आता आतला आवाजही क्षीण झाला होता.

मग तो गाडी ढकलू लागला. नव्या गाडीचं वजन त्याला पहिल्यांदा कळलं. दर शंभर पावलांवर थांबावं लागत होतं. गोपालचा फोन आला, "मामा, कुठी आले?" तो म्हणाला, "आलोच, पथ्रोटजवळ हाय." ते खोटं नव्हतं. अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला. पुन्हा तो तेच म्हणाला.

पथ्रोटला पोचायला साडेअकरा वाजले. गॅरेजवाला चंदन नावाचा पस्तिशीतला माणूस होता. त्यानं भगवंतला आधी पाणी पाजलं, मग सीट उचलली. सीटखालच्या खोलगट जागेतून कपभर पाणी बाहेर सांडलं. तारांचा जोड हिरवट होऊन फुगला होता.

"काका, गाडी नदीत घालून धुता का?"

"सांबार नेतो. ओल्या बारदान्यात."

"रोज?"

"रोज."

चंदननं मान हलवली. "नव्या गाडीले डोकं असते, काका. थे या डब्यात असते. डोक्यात पाणी गेलं तुमच्या गाडीच्या."

"पुसून दे ना बापा."

"पाहातो पुसून."

त्यानं पुसलं, वाळवलं, तारा जोडून पाहिल्या. एकदा गाडी दोन क्षण सुरू झाली. भगवंत उठून उभा राहिला. गाडी बंद पडली ती पडलीच.

"नाई होत," चंदन म्हणाला. "पार्ट अमरावतीहून बलावा लागते."

"परतवाड्याले जाले काय हाय आता?"

"एक यष्टी बाराले गेली. आता दीडची. जीप भरली तं निघते, पण या उन्हात कोण भरते तिले?"

बारा वाजता भगवंत इथेच बसून होता, तारा वाळायची वाट पाहत.

पाऊण वाजता फोन आला तो गोपालचा नव्हता. भाऊजींचा होता, उत्तमरावांचा. उत्तमराव शांत माणूस. त्यांचा आवाज तेव्हाही शांत होता.

"भगवंत, कुठपर्यंत आला?"

"भाऊजी, गाडी खोलून ठेवली हाय. दीडची यष्टी हाय."

"म्हणजे अडीच-तीन."

"हो."

"सकाळचा बर्फ इरघळला. दुसरा भेटला नाई. लोकं मंडपात बसून हायेत, म्हतारे माणसं हायेत." ते थांबले. "मी काई म्हणत नाई. माहेरचं माणूस तू. तू म्हणशीन तसं करू."

भगवंत टिनाच्या सावलीत उभा होता. समोर चंदननं काढलेले स्क्रू एका झाकणात ठेवले होते.

"आशाबाई हाय का तिथी?" त्यानं विचारलं. आशाबाई त्याच्याच गावची लेक, माणिकबाईच्या गावात दिलेली.

"हाय. सकाळपासून बसून हाय."

"तिले माहेरची समजा. गावातून पातळ आणा, तिच्या हातानं नेसवा." त्यानं झाकणातला एक स्क्रू उचलला, परत ठेवला. उत्तमराव वाट पाहत होते.

"उचला," भगवंत म्हणाला.

तो पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते. घरी न जाता तो सरळ नदीकाठच्या मसणात गेला. चिता चांगली पेटलेली होती, तोंड दिसण्याचा प्रश्नच नव्हता. माणसं दूर बाभळींच्या सावलीत बसली होती. ऊन आणि आग यांत फरक राहिला नव्हता. भगवंत पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

उत्तमराव उठून आले. "तू सांगतलं तवा उचललं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. लोकांसमोर एकदा बोलून ठेवायची गोष्ट म्हणून ते बोलले.

"ह्या पातळाचं काय करू?"

उत्तमरावांनी वळून सावलीतल्या माणसांकडे पाहिलं. गावातले रामराव नावाचे म्हातारे जवळ आले. "मेल्या माणसासाठी आणलेलं कापड घरी वापस नेत नाई. देऊन दे तिले."

भगवंतनं घडी तशीच आगीवर टाकली. पातळ सुती नव्हतं. ते पेटलं नाही, आधी आखडलं, हिरव्याचं काळं झालं, मग त्याचे थेंब लाकडांवरून गळू लागले.

सावलीत आल्यावर लोकांनी विचारलं. त्यानं सांगितलं. सीटखाली पाणी गेलं, तारा सडल्या, पार्ट अमरावतीहून यायचा आहे. एरवी न बोलणारा माणूस, पण ते सगळं त्यानं नीट सांगितलं.

"नवी असली तरी यंत्र हाय," रामराव म्हणाले. "तुह्या हातात काय होतं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गोपाल पाण्याचा लोटा घेऊन आला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, डोळे सुजलेले. तो मामाजवळ उकिडवा बसला.

"मामा, वाटेत दुसरं काई साधन नाई भेटलं का?"

भगवंतनं लोटा तोंडाला लावला. सगळं पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"नाई," तो म्हणाला.